लहान मुलांचं नाक, कान, घसा: अँटिबायोटिक केव्हा, किती आणि किती दिवस?

टिपणवही
दवाखान्यात फोन घेणाऱ्या परिचारिकांसाठी एक पानी टिपण करायचं आहे. पालकांचा ठरलेला प्रश्न: "शेंबूड हिरवा झालाय, अँटिबायोटिक सुरू करू का?" विषाणूंची सर्दी आणि जिवाणूंचा संसर्ग यांतला फरक फोनवर कशावरून ओळखायचा? दुसरं, अमॉक्सिसिलिनचा (पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक) कानासाठीचा डोस घशाच्या जवळजवळ दुप्पट, दिवस मात्र बऱ्याचदा घशालाच जास्त. असं का? सस्पेन्शन (पावडरीत पाणी घालून केलेलं पातळ औषध) देताना कुठे चुकतं तेही लिहा.

बालरोग_ओपीडी
रंग हा मुद्दा टिपणातून काढूनच टाका. साध्या सर्दीतही काही दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. तो रंग पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचा, जिवाणूंचा नव्हे.

विचारायचं ते दिवसांबद्दल. सायनसमधल्या जिवाणूसंसर्गाचा संशय तीनच परिस्थितींत घ्यायचा. नाक वाहणं किंवा दिवसाही येणारा खोकला १० दिवस उलटले तरी जराही कमी नाही. किंवा उताराला लागलेली सर्दी सहाव्या-सातव्या दिवशी उलटली, ताप पुन्हा चढला. किंवा पहिल्यापासूनच ३९ अंश सेल्सियस वा त्याहून जास्त ताप आणि पुवासारखा शेंबूड, सलग ३ दिवस. यातल्या पहिल्या प्रकारात हमखास फसगत होते. अकराव्या दिवशी नाक वाहतंय, पण रोज थोडं कमी होतंय, तर ते यात बसत नाही. "महिनाभर सर्दी आहे" म्हणणाऱ्यांना मधे दोन-चार दिवस मूल ठणठणीत होतं का ते विचारा. बहुतेकदा त्या लागोपाठच्या दोन वेगळ्या सर्द्या निघतात. सायनसचा एक्स-रे काढून काही कळत नाही, साध्या सर्दीतही तो धुरकटच दिसतो.

घशाचं उलट आहे, तिथे काय *नाही* ते बघायचं. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज, लाल डोळे, तोंडात फोड यांतलं काही असेल तर बहुधा विषाणू. अचानक ताप, गिळताना दुखणं, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला अजिबात नाही, असं ५ ते १५ वर्षांच्या मुलाचं चित्र असेल तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संशय घ्या. तरीही नुसत्या बघण्यावर अनुभवी डॉक्टरचा अंदाज चुकतो, म्हणून स्वॅब, म्हणजे बोळा फिरवून घेतलेला घशाचा नमुना. तो दोन्ही टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून फिरवायचा. जिभेला, गालाला लागला की नमुना बिघडतो. तीन वर्षांखाली हा आजार क्वचित, तिथे सहसा स्वॅबही घेत नाहीत.

कानाचं निदान फोनवर होत नाही. पडदा फुगलेला दिसला पाहिजे. नुसता लाल पडदा रडणाऱ्या कुठल्याही मुलाचा असतो.

मात्रा_आणि_मिग्रॅ
डोसबद्दल. घशातला 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस अजूनही पेनिसिलिनला दाद देतो, त्यामुळे किलोमागे दिवसाला ५० मिग्रॅ पुरतात (दिवसाला कमाल १००० मिग्रॅ, एकदम किंवा दोनदा विभागून). पण इथे नुसता ताप उतरवायचा नसतो, संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांना होणारी इजा टाळायची असते. त्यासाठी जिवाणू घशातून पुरता जायला हवा, म्हणून १० दिवस. आजाराच्या नवव्या दिवसापर्यंत उपचार सुरू केले तरी हे संरक्षण मिळतं, तेव्हा स्वॅबच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबायला हरकत नसते.

कानात मुख्य भानगड न्यूमोकॉकस या जिवाणूची. त्याने पेनिसिलिन जिथे चिकटतं ते प्रथिनच बदलून घेतलंय, म्हणून पडद्यामागच्या द्रवात औषध जास्त पोचवावं लागतं: किलोमागे दिवसाला ८० ते ९० मिग्रॅ, दोन भागांत. दोन वर्षांखाली १० दिवस, २ ते ५ वर्षांना ७, त्यापुढे ५ ते ७. दोन वर्षांवरच्या मुलाला सौम्य दुखत असेल, ताप ३९ च्या खाली असेल आणि कान वाहत नसेल तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट बघता येते. सहा महिन्यांखाली वाट बघायची नाही.

खलबत्ता
औषधाच्या काउंटरवरून भर.

बाटली उलटी आपटून पावडर सुटी करा, उकळून गार केलेलं निम्मं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसासकट खुणेपर्यंत भरलं की पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. मोजायला सिरिंजच वापरा. चमचे सारखे नसतात.

१५ किलोच्या तीन वर्षांच्या मुलाला कानासाठी ५ मिलीत २५० मिग्रॅचं सस्पेन्शन १२.५ मिली दोनदा लागेल. ७ दिवसांचे १७५ मिली होतात, म्हणजे ६० मिलीच्या तीन बाटल्या. एक बाटली संपली की कोर्स संपला असं समजणारे फार! त्यात दुकानातून १२५ चं सस्पेन्शन आलं आणि मिली तेच ठेवले, तर डोस थेट निम्मा.

क्लॅव्युलॅनेट (अमॉक्सिसिलिन मोडणारं जिवाणूंचं एन्झाइम अडवणारा घटक) असलेल्या औषधात आणखी एक गोम. लेबलवरचा ४५७ हा आकडा ४०० अमॉक्सिसिलिन अधिक ५७ क्लॅव्युलॅनेट अशी बेरीज आहे. हिशेब ४०० वर करायचा. मोठ्या डोसला मात्र ६०० ला ४२.९ हे प्रमाण घ्या. ९० मिग्रॅचा डोस ४५७ मधून दिला तर क्लॅव्युलॅनेट किलोमागे १२.८ मिग्रॅ जातं, ६०० वाल्यातून ६.४. जुलाब या जादा क्लॅव्युलॅनेटमुळेच वाढतात. हे पातळ केलेलं औषध फ्रिजमध्येच ठेवायचं.

टिपणवही
छान. ४८ तासांनंतरही ताप असेल तर डोस वाढवायचा का? आणि काही पालक तीन दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन मागतात.

बालरोग_ओपीडी
फोनवर डोस वाढवायचा नाही. आधी किती मिली, किती वेळा, उलटी झाली का ते विचारा. ७२ तासांपर्यंत फरक नसेल तर पुन्हा तपासणी. डोस बरोबर असूनही कान तसाच असेल तर बीटा-लॅक्टमेझ (अमॉक्सिसिलिन मोडणारं एन्झाइम) बनवणारे हिमोफिलस किंवा मोराक्सेला हे जिवाणू असू शकतात, तिथे क्लॅव्युलॅनेट उपयोगी. ॲझिथ्रोमायसिन कानातल्या या जिवाणूंवर कमकुवत. ते पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांसाठी ठेवा.

हे मात्र टिपणात ठळक अक्षरात, लगेच पाठवायचे रुग्ण म्हणून: लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही किंवा मान वळत नाही, श्वास घेताना घरघर, कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला, डोळ्याभोवती सूज आणि डोळा हलवताना दुखणं.