व्हेसिकॉस्टॉमी बंद करताना
व्हेसिकॉस्टॉमी म्हणजे लघवी बाहेर पडावी म्हणून मूत्राशयाचं ओटीपोटावर उघडलेलं तोंड. ते बंद करायला 'कातडीला चार टाके घातले की झालं ना?' असा प्रश्न आलाय. नाही. यात मूत्राशयाची कड कातडीलाच शिवलेली असते. (सुप्राप्युबिक, म्हणजे ओटीपोटातून थेट मूत्राशयात घातलेल्या नळीचं भोक वेगळं, नळी काढली की ते बहुधा काही दिवसांत आपसूक बुजतं.) तोंडाभोवती लंबगोल छेद घेऊन मूत्राशय स्नायूंच्या आवरणापासून सुटा करतात, जुनी कड कापतात, विरघळणाऱ्या धाग्याने दोन थरांत शिवतात. मग सलाइन भरून गळती बघायची. कॅथेटर (लघवीची नळी) साधारण ७ ते १० दिवस.

खरी मेख बंद करण्याआधीच्या एमसीयूत (मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारं औषध भरून लघवी करताना काढलेल्या एक्स-रेत) आहे. मूत्रमार्गातली झडप (लघवी अडवणारा जन्मजात पडदा) थोडी जरी शिल्लक असली तरी आतला दाब वाढतो आणि लघवी टाक्यांतूनच वाट काढते. मूत्राशयाची क्षमताही बघा: ४ वर्षांच्या मुलात अंदाजे (४+२)×३०, म्हणजे १८० मिली. फारच कमी भरत असेल तर घाई नको.