भाड्याच्या डांटे मालाला स्टॅटिक आयपी ठोकावा की ऑटोवरच सोडावा?

फेडरवाला
सीझन तोंडावर आलाय, आधी गणपती मग नवरात्र, दोन-तीन वेंडरचा माल एकाच मंडपात येणार, म्हणून डांटेचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून आवाज नेणाऱ्या यंत्रणेचा, विषय आत्ताच काढतो. माझं स्पष्ट मत आहे की भाड्याने जाणाऱ्या प्रत्येक कन्सोलला, स्टेजबॉक्सला, अ‍ॅम्पला गोडाऊनमध्येच स्टॅटिक आयपी, म्हणजे हाताने ठरवलेला पक्का नेटवर्क पत्ता, टाकायचा, वर स्टिकर चिकटवायचा आणि मगच माल टेम्पोत चढवायचा. ऑटो म्हणजे यंत्राने पत्ता आपला आपण घ्यायचा, रामभरोसे कारभार. फोहला (प्रेक्षकांच्या आवाजाला) एक यामाहाचा क्यूएल मिक्सर, स्टेजवरच्या मॉनिटरला दुसरा, दोघांच्या कंट्रोलचा फॅक्टरीतला पत्ता तोच, १९२.१६८.०.१२८. एका वायफायवर आले की आयपॅड नेमका कुठल्या मिक्सरला जाऊन चिकटेल त्याचा नेम नाही, आणि वर कार्यकर्ते कानाशी येऊन "दादा आवाज का येत नाय" करत उभे.

पॅचकॉर्ड_परळ
अरे तू कंट्रोल आणि डांटेची भेळ करतोयस. क्यूएलचं नेटवर्क पोर्ट वेगळं, डांटेची पोर्टं वेगळी. कंट्रोलला स्टॅटिक टाक ना, कोण नाही म्हणतंय, उलट टाकायलाच पाहिजे. पण डांटेला हात लावू नकोस. डीएचसीपी (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सोय) नसेल तर डांटेचं यंत्र स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता उचलतं, तो आधी कोणी घेतलाय का हे नेटवर्कवर विचारतं, घेतला असेल तर दुसरा उचलतं. कोणी वही घेऊन बसायची गरजच नाही. आणि पॅचिंग, म्हणजे कुठला आवाज कुठे जायचा ते, आयपीवर चालतच नाही, चॅनलच्या आणि डिव्हाइसच्या नावावर चालतं. पत्ता बदलला तरी नाव तेच असेल तर सबस्क्रिप्शन, म्हणजे ती जोडणी, परत जुळतं. त्यामुळे स्टिकर लावायचाच तर नावाचा लाव.

पॅचकॉर्ड_परळ
आणि हो, खरा त्रास स्टॅटिकवालेच देतात. एका वेंडरचे अ‍ॅम्प १९२.१६८.१ वर ठोकलेले, बाकी सगळा माल ऑटोवर. डांटे कंट्रोलर (पॅचिंगचं सॉफ्टवेअर) उघडला की त्या अ‍ॅम्पची नावं लाल. दिसतायत, पण आवाज जात नाही. ज्याने आयपी टाकले तो पोरगा नोकरी सोडून गेलेला, मग आम्ही रॅकच्या मागे टॉर्च मारत एकेक यंत्र ऑटोवर आणतोय.

बॅकस्टेज_बीकेसी
मी फेडरवाल्याच्या बाजूने. मंडपात ठीक आहे रे, तिथे नेटवर्क आपलंच असतं. कॉर्पोरेटला हॉटेलच्या बँक्वेटमध्ये स्ट्रीमिंगवाला येतो, इंटरनेट हवं म्हणून भिंतीतली केबल सरळ आपल्या स्विचमध्ये खुपसतो. त्या केबलवर हॉटेलचं डीएचसीपी बसलेलंच असतं. मग आतापर्यंत १६९.२५४ वर सुखात असलेली यंत्रं एकेक करून हॉटेलचा पत्ता घ्यायला लागतात, सगळी एकदम नाही, आणि तेच जास्त वाईट, कारण अर्धी इकडे अर्धी तिकडे. भाषण चालू असताना पोडियमचा माइक गेला तर पुढचं काम विसरा. स्टॅटिक असतं तर कोणी हललं नसतं.

पॅचकॉर्ड_परळ
हा मुद्दा मान्य. पण त्यावर औषध स्टॅटिक नाही, त्या माणसाला आपल्या स्विचजवळ येऊ न देणं हे आहे. आम्ही रिकाम्या पोर्टांवर गॅफर टेप मारतो. साधं आहे, चालतं.

स्वस्त_स्विच
दोघांचंही चालू द्या, पण निम्म्या वेळा भानगड पत्त्याची नसतेच. लॅमिंग्टन रोडवरून कोणीतरी स्वस्तातला स्विच उचलतो, त्यात वीज वाचवायची सोय आपोआप चालू, तीच ती ईईई, ग्रीन इथरनेट. यंत्रांच्या क्लॉकचा, म्हणजे वेळेचा, मेळ बिघडतो, टिक टिक आवाज येतात, आणि सगळे आयपी बघत बसतात. डांटेवाले स्वतः सांगतात की ती बंद करा, आणि बंद करता येत नसेल तर असला स्विच घेऊच नका.

फेडरवाला
स्विचचा वेगळा धागा काढ, इथे नको. पॅचकॉर्ड, नावाचं पटलं, पण माझं मत तेच आहे. माझ्याकडे यादी असेल तर कुठलं यंत्र गायब आहे ते दोन मिनिटांत पिंग करून (त्या पत्त्याला हाक मारून) कळतं. ऑटोवर नंबर कुठला ते आधी ठाऊक नाही, शोधू काय कपाळ? आणि तू म्हणतोस तो पोरगा यादी न ठेवता गेला, हा दोष यादीचा की स्टॅटिकचा?

तिसरी_घंटा
नाटकाच्या बाजूने एक. आमचं किट ठरलेलं, तेच मिक्सर तेच बॉक्स, आज दादर उद्या पार्ले, बाहेरचा माल मिसळतच नाही, तर आम्हाला स्टॅटिक झक्कास. दुपारचा प्रयोग सुटून रात्रीचा लागेपर्यंत सेट लावायचा असतो, तेव्हा कोणाला शोधाशोध करायला वेळ नसतो. पण तुमच्यासारखा चार गोडाऊनचा माल एकत्र होणार असेल तर माझं मत ऑटोला. चार जणांच्या चार याद्या कधीच जुळणार नाहीत, लिहून घ्या.

पॅचकॉर्ड_परळ
तेच म्हणतोय मी कधीपासून! अजून एक, स्टॅटिक टाकणारे प्रायमरी (मुख्य जाळं) आणि सेकंडरी (राखीव जाळं) दोन्ही पत्त्यांच्या एकाच रेंजमध्ये टाकतात. ऑटोवर सेकंडरी आपोआप १७२.३१ मध्ये जातं, म्हणजे दोन्ही जाळी वेगळी राहतात. हाताने एकच रेंज दिली की रिडंडन्सीचा, म्हणजे एक जाळं पडलं तर दुसऱ्यावर चालवायच्या सोयीचा, बोऱ्या वाजला. आणि मास्क, म्हणजे रेंज केवढी ते सांगणारा आकडा? कोणी २५५.२५५.०.० टाकतो कोणी २५५.२५५.२५५.०.

फेडरवाला
मास्क स्टिकरवर छापतो आम्ही. सेकंडरीचा कॉलम शीटमध्ये आहे, वेगळ्या रंगात. तुमच्या गोडाऊनचा माल लालबागला येणार असेल तर आधी फोन करा, मी माझी रेंज सांगतो.

पॅचकॉर्ड_परळ
फोन करतो, पण माझे बॉक्स ऑटोवरच येणार.