मेक्सिकोच्या आदिवासी भाषांतील आजचे लोकसंगीत: ऐकायचे काय आणि आधार मानायचा कशाला?

प्रश्न: केतकी_सूर

नमस्कार. 'फ्रिडा' या २००२ च्या चित्रपटामुळे लिला डाउन्स या गायिकेचा आवाज प्रथम कानावर पडला. तिची गाणी शोधता शोधता २००० साली निघालेला एक संग्रह सापडला. त्यातील काही गाणी स्पॅनिशमध्ये नसून मिश्तेक, सापोतेक, नावात्ल अशा भाषांत आहेत, आणि काही गाण्यांमागे मिश्तेक लोकांच्या जुन्या चित्रपोथ्यांची प्रेरणा आहे. तेव्हापासून मनात काही शंका घोळत आहेत.

पहिली शंका अशी, की या भाषा बोलणारी माणसे स्वतः आज काय गातात आणि काय ऐकतात? रंगमंचावर नावारूपाला आलेली गायिका आणि गावातल्या लग्नात वाजणारे संगीत यांत किती अंतर आहे, हे येथे बसून कळत नाही. दुसरी शंका जास्त सतावते. जे थोडेफार ऐकायला मिळाले त्यात गिटार आहे, व्हायोलिन आहे, पितळी वाद्यांचे बँड आहेत, तीन मात्रांचा वॉल्ट्झ आहे. म्हणजे भाषा सोडली तर बाकी सारे युरोपातून आलेले. मग याला त्या समाजांचे लोकसंगीत कशाच्या आधारावर म्हणायचे? आणि जाता जाता, मिश्तेक व सापोतेक भाषांत उच्चारातला सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो असे वाचले आहे. तसे असेल तर चाल लावताना अर्थाचे काय होते?

उत्तर: वाटसरू_वऱ्हाडी

केतकीताई, मेक्सिकोत सरकारी वर्गीकरणानुसार ६८ आदिवासी भाषासमूह आहेत आणि २०२० च्या जनगणनेत या भाषा बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ७३ लाख ६० हजार भरली. तेव्हा सगळ्यांविषयी एकच विधान करता येणार नाही. मी पुरेपेचा भाषेपासून सुरुवात करतो, कारण आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर तेथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मिचोआकान राज्याच्या डोंगराळ भागात आणि तेथील सरोवरांच्या काठी पुरेपेचा बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. या भाषेतील गाण्याला पिरेकुआ म्हणतात आणि गाणाऱ्यांना पिरेरी. दोन आवाज समांतर अंतर राखून चालतात, सोबत गिटार असते किंवा तंतुवाद्यांचा लहान ताफा असतो, कधी फुंकून वाजवायची वाद्येही असतात, आणि लय बहुधा संथ असते. वाद्यसंगीतात याच परंपरेचे दोन मुख्य चेहरे आहेत: तीन-अष्टमांश मात्रेत डुलणारा सोन आणि सहा-अष्टमांश मात्रेतला, पाय थिरकवणारा आबाहेन्यो. प्रेम आणि फुलांच्या नावांनी केलेले प्रेयसीचे वर्णन हा पिरेकुआचा लाडका विषय असला, तरी गावातली घटना, परदेशी गेलेला मुलगा, एखादी सामाजिक तक्रार हेही तिच्यात येते. नव्या पिरेकुआ आजही रचल्या जातात, आणि बहुतेक रचनांचा कर्ता कोण, हे गावाला ठाऊक असते. लोकगीत म्हणजे निनावी, ही आपली समजूत तेथे टिकत नाही.

आता गिटारविषयी. पिरेकुआत युरोपीय, आफ्रिकी आणि स्थानिक असे तिन्ही प्रवाह मिसळले आहेत, हे कोणी लपवत नाही. याच भागातले पाराचो हे गाव गिटार बनवण्यासाठी सगळ्या मेक्सिकोत प्रसिद्ध आहे. फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक पेद्रो दे गान्ते यांनी १५२३ च्या सुमारास तेश्कोको येथे काढलेल्या शाळेत स्थानिक मुलांना संगीत शिकवले जाई, आणि थोड्याच काळात तेथील कारागीर युरोपीय वाद्ये स्वतः घडवू लागले. म्हणजे ही वाद्ये त्या लोकांच्या हाती जवळजवळ पाचशे वर्षे आहेत. पॅरिसमध्ये जन्मलेली पेटी दीडशे वर्षांत आपल्या भजनी मंडळाची झाली आणि तिच्याविना भजनाची कल्पना करणे अवघड झाले. तिला आज कोणी परकी म्हणत नाही. मग पाच शतकांच्या गिटारला आपण कोणता निकष लावणार? गाणे कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी गायले जाते, हे मी आधी पाहीन. वाद्य कोठून आले हे त्यानंतर.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर साकान गावच्या स्पर्धेची ध्वनिमुद्रणे पाहा. दर ऑक्टोबरमध्ये संत लूकच्या सणाला तेथे पुरेपेचा गायक, बँड आणि नर्तक यांची स्पर्धा भरते. तिची सुरुवात १९७१ ची आहे. स्पर्धेचे संगीत थोडे नटलेले असते हे खरे, पण समोरचा श्रोता पुरेपेचाच असतो.

उत्तर: निषाद_मंद्र

वाटसरू यांचा निकष मला मान्य आहे, पण तो लावला की काही अडचणीचे प्रश्नही समोर येतात आणि ते टाळू नयेत. २०१० मध्ये युनेस्कोने पिरेकुआचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. बातमी आली तेव्हा अनेक पिरेरींनी उघड निषेध केला, कारण हा प्रस्ताव सरकारी पातळीवर तयार झाला होता आणि ज्यांचे गाणे त्यांना नीट विचारलेच गेले नव्हते. त्यानंतर पर्यटनाच्या जाहिरातींत पिरेकुआ झळकू लागली, तेव्हा या गौरवाचा लाभ कोणाला, हा प्रश्न आणखी टोकदार झाला. वारसा म्हणून नोंद झाली की गाणे सुरक्षित झाले, असे समजणे मला तरी भाबडेपणाचे वाटते.

लिला डाउन्सविषयीही स्पष्ट बोलावे. तिचा जन्म १९६८ साली ओआहाका राज्यातील त्लाहियाको येथे झाला, आई मिश्तेक गायिका आणि वडील अमेरिकी प्राध्यापक. तिने गायनाबरोबर मानववंशशास्त्राचेही शिक्षण घेतले आहे. तिचा आवाज असामान्य आहे आणि या भाषा जगभरच्या श्रोत्यांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय तिला द्यावेच लागेल. तरीही तिचे संगीत जाझ, कुंबिया (कोलंबियातून पसरलेला नृत्यसंगीताचा प्रकार), रांचेरा (मेक्सिकोतील लोकप्रिय स्पॅनिश गीतप्रकार) यांच्या मिश्रणातून रंगमंचासाठी घडलेले आहे, आणि तिचा श्रोता बहुतांशी ती भाषा न समजणारा आहे. यात कमीपणा नाही. परंतु तिचे गाणे ऐकून मिश्तेक गावात काय वाजते हे कळले, असे मानू नये. त्यासाठी ओआहाकातील पासातोनो या वाद्यवृंदाकडे वळावे. संगीत-संशोधक रुबेन लुएंगास आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून मिश्तेक प्रदेशातील जुन्या गावठी वाद्यवृंदांचा बाज, वाद्ये आणि रचना शोधून त्या आधारावर नवे संगीत करत आहेत. मला स्वतःला त्यांचे वादन अधिक भावते, कारण त्यात गावच्या बँडचा थोडासा ओबडधोबडपणा मुद्दाम राखलेला आहे.

उत्तर: ध्वनिविचार

तिसऱ्या शंकेपुरते लिहितो. मिश्तेक, सापोतेक, मासातेक, चिनान्तेक, चातिनो या ओआहाकातील भाषा सूरभेदी आहेत. युकातानच्या माया भाषेतही सुराला अर्थभेदक स्थान आहे. पुरेपेचा मात्र तशी नाही, आणि नावात्लही साधारणपणे नाही. त्यामुळे आपली शंका सर्व भाषांना सारखी लागू होत नाही.

सूरभेदी भाषेत गाणाऱ्यासमोर दोन टोके असतात. एका टोकाला चाल शब्दांच्या सुरांना जवळजवळ बांधलेली असते; कँटोनीज भाषेतील चित्रपटगीते याचे सर्वपरिचित उदाहरण. दुसऱ्या टोकाला चाल स्वतंत्र असते आणि ऐकणारा संदर्भावरून, शब्दक्रमावरून, ठरलेल्या वाक्प्रचारांवरून अर्थ लावतो. युरोपीय घाटाच्या वॉल्ट्झच्या चालीवर सापोतेक शब्द बसवले जातात तेव्हा दुसऱ्या मार्गावर बरेच विसंबावे लागते, कारण चालीचा आराखडा आधीच ठरलेला असतो. अर्थ बुडत नाही याचे कारण भाषेत सुराखेरीजही पुष्कळ माहिती असते: व्यंजने, स्वरांची लांबी, आणि सापोतेकच्या बाबतीत कंठात आवाज क्षणभर अडवून केलेले स्वरांचे प्रकार.

याच्या अगदी उलट गोष्ट मासातेक लोकांकडे आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथे पुरुष डोंगरउतारांवरून एकमेकांशी शिट्टीने बोलतात. शब्दांतली व्यंजने व स्वर गळून जातात, फक्त सूर उरतो, आणि तेवढ्यावर खरेदी-विक्रीचा संवाद पूर्ण होतो. जॉर्ज कोवन यांनी १९४८ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे गाण्यात सूर सोडून अर्थ राखता येतो आणि शिट्टीत बाकी सारे सोडून केवळ सुरावर अर्थ पेलता येतो.

केतकी_सूर

तिघांचेही मनापासून आभार. शिट्टीची गोष्ट अगदीच अनपेक्षित होती. एक उपप्रश्न: वाटसरू म्हणतात की श्रोता कोण हे पाहावे. तरुण पिढी या भाषांत काय ऐकते? की ती पूर्णपणे स्पॅनिश आणि इंग्रजी गाण्यांकडे वळली आहे?

उत्तर: अरुंधती_खोरेकर

मी कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात राहते. येथील शेतमजुरांत ओआहाकाहून आलेल्या मिश्तेक लोकांची संख्या मोठी आहे. फ्रेझ्नोहून १९८० पासून प्रसारित होणारे रेडिओ बिलिंग्वे हे केंद्र मिश्तेक असलेल्या ऊगो मोरालेस यांनी उभे केले, आणि त्यावरील 'ला ओरा मिश्तेका' या कार्यक्रमात मिश्तेक भाषेत निवेदन, निरोप आणि संगीत असते. गाव सोडलेल्या माणसाला आपल्या भागातला बँड ऐकायला मिळणे ही त्यातली मोठी ओढ आहे.

खुद्द मेक्सिकोतही रेडिओला वगळून या संगीताविषयी बोलता येणार नाही. गेर्रेरो राज्यातील त्लापा येथे १९७९ मध्ये सरकारी आदिवासी संस्थेचे पहिले केंद्र सुरू झाले, आणि ते नावात्ल, मिश्तेक व त्लापानेक भाषांत प्रसारण करू लागले. पुढे पुरेपेचांसाठी चेरान येथे आणि इतरत्र अशी केंद्रे निघाली. गावातल्या कलाकाराला केंद्रावर येऊन ध्वनिमुद्रण करता येई, आणि शेजारच्या खोऱ्यातले गाणे प्रथमच घरात ऐकू येई. मात्र २०१४ च्या प्रसारण कायद्यातील एका कलमाने आदिवासी भाषांना आदिवासी परवान्याच्या केंद्रांपुरतेच जागा ठेवली होती. नावात्ल भाषेतील कवी मार्दोनियो कार्बाय्यो यांनी त्याला आव्हान दिले आणि जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

आता तरुणांविषयी. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून या भाषांत रॉक संगीत सुरू झाले. चियापासमधील सिनाकान्तान गावचा साक त्सेवूल हा गट १९९६ पासून त्सोत्सिल भाषेत गातो. सोनोराच्या किनाऱ्यावर पुंता चुएका येथील कोम्काक समाजाचा हामाक काशीम हा गट त्याहीपूर्वीचा आहे. त्या समाजाची भाषा बोलणारे केवळ काही शेकडा लोक उरले आहेत, आणि या तरुणांनी जुनी गाणी विजेच्या गिटारवर घेण्याआधी वडीलधाऱ्यांची रीतसर परवानगी मागितली होती. युकातान द्वीपकल्पात माया भाषेतील रॅप जोरात आहे. किंताना रो राज्यातील पॅट बॉय हा त्यातला सर्वांत परिचित कलावंत, आणि तो ज्या समूहात आहे त्याचे माया गाणे २०२२ च्या 'ब्लॅक पँथर: वाकांडा फॉरेव्हर' या चित्रपटाच्या संगीतसंग्रहात आहे. रॅपला लोकसंगीत म्हणायचे की नाही यावर येथे वाद होईल याची कल्पना आहे. पण तो माया भाषेत माया मुलांसाठी होतो आणि भाषा बोलायला लाजणाऱ्या वयातल्या मुलांना ती तोंडी बसवायला लावतो.

उत्तर: वाटसरू_वऱ्हाडी

अरुंधतीताईंनी परवानगीचा मुद्दा काढला, म्हणून आणखी एक प्रदेश सांगतो. ईशान्येकडील उआस्तेका भागात नावात्ल आणि तेनेक बोलणारी गावे आहेत. तेथील तिघांचा ताफा ठरलेला असतो: व्हायोलिन, पाच तारांची लहान हाराना आणि मोठ्या पोटाची उआपांगेरा. हाच ताफा जत्रेत उंच, फिरत्या आवाजात स्पॅनिश गाणी गातो, लग्नात नावात्लमधील 'शोचिपित्सावाक' हे गाणे म्हणतो, आणि मक्याच्या विधीत रात्रभर केवळ वाद्यांवर वेगळे सोन वाजवतो. वाद्ये तीच, वादकही बहुधा तेच, पण विधीचे सोन करमणुकीसाठी नसतात. प्रत्येकाची जागा विधीच्या क्रमात ठरलेली असते. 'शोचिपित्सावाक' मात्र निःसंकोच ऐकावे. त्यात ग्वादालुपेच्या मारियेला तोनान्त्सिन या जुन्या देवीनामाने हाक मारलेली असते.

एक सावधगिरीही सुचवतो. इंटरनेटवर 'प्राचीन अ‍ॅझटेक संगीत' या नावाने शंख, मातीच्या शिट्ट्या आणि ढोल यांचे बरेच काही मिळते. त्यातील वाद्ये खरोखर जुन्या घाटाची असतात, चाली मात्र आजच्या कलाकारांनी रचलेल्या असतात. सोळाव्या शतकातील 'कांतारेस मेक्सिकानोस' या नावात्ल हस्तलिखितात काही गीतांवर ति, तो, को, कि अशा अक्षरांनी ढोलाचे बोल लिहिलेले आहेत. चालीची नोंद त्यात कोठेही नाही. म्हणून व्हायोलिनवरचा उआस्तेका सोन आपल्याला युरोपीय वाटला आणि शंखाचे संगीत पुरातन वाटले, तरी पिढ्यान्‌पिढ्या हातून हाती आलेले संगीत यांपैकी पहिलेच आहे. सुरुवातीला एखादा विधीबाह्य उआस्तेका ताफा निवडा आणि पहिल्या फेरीत फक्त हारानाच्या हाताकडे लक्ष ठेवा. सहा मात्रांची दोन प्रकारे (कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन) होणारी विभागणी तेथे सर्वांत लवकर कानात बसते.