शब्दचर्चा: ‘व्हात्युरेत’ आणि ‘सायकलकार’ यांना मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न
सुरुवातीच्या मोटारींवरील एका लेखाचे भाषांतर करताना अडले आहे. फ्रेंच मोटार-निर्माते लेओं बोले यांनी १८९५ साली आपल्या तीनचाकी गाडीला ‘व्हात्युरेत’ हे नाव दिले आणि पुढे ते सगळ्याच लहान मोटारींना लागू झाले. १९१० च्या सुमारास ‘सायकलकार’ ही मोटारसायकलशी नाते सांगणारी हलकी गाडी अवतरली. मी दोन्हींना ‘छोटी मोटार’ म्हटले, ते संपादकांना मान्य नाही.

प्रतिसाद १
‘व्हात्यूर’ म्हणजे गाडी, त्यामुळे ‘गाडुली’ हा शब्द चपखल बसतो. गाडा आणि गाडी हा लहानमोठेपणाचा भेद आपल्याकडे आधीपासूनच आहे. माझी आजी एका बैलाच्या छकड्याला ‘गाडुली’च म्हणत असे.

प्रतिसाद २
आमच्याकडे ‘गाडुली’ म्हणजे पोरांचे खेळणे, आणि प्रश्न केवळ आकाराचा नाहीच. १९१२ साली सायकलकारसाठी ३५० किलो वजन आणि ११०० सीसी इंजिन अशी कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली, क्लच आणि गिअरही आवश्यक मानले गेले. इतक्या नेमक्या संज्ञेला लाडाचे नाव देणे योग्य नाही. मूळ शब्दच ठेवावा.

प्रतिसाद ३
मूळ शब्द ठेवला तर वाचकाला पायडल मारायची गाडी वाटेल. तिचे खरे नाते मोटारसायकलशी आहे. पॅरिसची ‘बेदेलिया’ ही सायकलकार पाहा: दोघे एकामागे एक बसत, चालक मागे. तिच्या दोन गिअरच्या प्रकारात गिअर बदलायचा तर चालकाने एका दांड्याने पट्टा सैल करायचा आणि पुढच्या प्रवाशाने तो दुसऱ्या कप्पीवर सरकवायचा. म्हणून ‘मोटारसायकल-गाडी’ लांबलचक असली तरी प्रामाणिक आहे.

प्रतिसाद ४
‘मोटार’ आणि ‘सायकल’ हे दोन्ही परके शब्द जोडून मराठी शब्द होत नाही. ‘लघुयान’ का नको?

प्रतिसाद ५
‘लघुयान’ म्हटले की अंतराळ आठवते. त्याहून गंभीर चूक मला रोज दिसते: १९२२ च्या ‘ऑस्टिन सेव्हन’ या लहान ब्रिटिश मोटारीला ‘सात अश्वशक्तीची’ म्हणतात. तो आकडा ब्रिटनच्या कराच्या सूत्रातला आहे. १९२१ पासून दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड कर होता, आणि ती अश्वशक्ती सिलिंडरचा व्यास व संख्या यांवरूनच काढत. दट्ट्याची (पिस्टनची) धाव हिशेबातच नसल्यामुळे तिथे अरुंद सिलिंडरची, लांब धावेची इंजिने वाढली. यासाठी ‘कर-अश्वशक्ती’ हा वेगळा शब्द हवा.

प्रतिसाद १ (पुन्हा)
‘कर-अश्वशक्ती’ला माझा विरोध आहे; ‘कागदी अश्वशक्ती’ अधिक स्पष्ट आहे.