मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर आई मामाच्या मानाने इतकी मागे का? बाई असण्याचा काही संबंध असतो का?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी. आईला (वय ७६) अडीच महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला. संध्याकाळी नुसतं "मला काही सुचत नाहीये गं, गळून गेल्यासारखं वाटतंय" असं म्हणत होती, आम्हाला वाटलं दमली असेल, पडू दे जरा, त्यात चांगला तासभर गेला आणि मग तोंड वाकडं दिसलं तेव्हा धावाधाव. तरी साडेचार तासांच्या आत क्लॉट विरघळवायचं इंजेक्शन मिळालं, पाठोपाठ जांघेतून तार घालून गुठळी बाहेर काढायची थ्रॉम्बेक्टॉमी पण झाली, डॉक्टर म्हणाले रक्तवाहिनी पूर्ण मोकळी झाली. पण आज डावा हात जेमतेम उचलतेय, चालताना कोणीतरी धरावं लागतं.

आता मामा. आईचा धाकटा भाऊ, वय ६१, गेल्या वर्षी त्याला पण स्ट्रोक, अगदी हीच ट्रीटमेंट, आणि तीन महिन्यांत पठ्ठ्या कामावर हजर! त्यामुळे नातेवाईक उठसूट तुलना करतात. एक बाई तर आईच्या तोंडावर म्हणाल्या की बायकांना हे इंजेक्शन तेवढं लागू पडत नाही. तेव्हापासून आईने व्यायामाचं मनावर घेणंच सोडलंय. मी नेटवर शोधलं तर खरंच लिहिलंय की स्ट्रोकनंतर बायकांची अवस्था पुरुषांपेक्षा वाईट राहते. म्हणजे त्या बाई बरोबर होत्या? कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, नुसतं "धीर धरा" नको.

रात्रपाळी:

ताई, मी स्ट्रोक वॉर्डात काम करते. त्या बाईंना सांगा की इंजेक्शनचं उलट आहे. २००५ मध्ये जुन्या ट्रायल्सचा डेटा एकत्र करून पाहिला होता, त्यात ज्यांना इंजेक्शन दिलंच नव्हतं त्यांच्यात बायका पुरुषांपेक्षा मागे राहिल्या, आणि ज्यांना दिलं त्यांच्यात हा फरक जवळजवळ मिटला. थोडक्यात बायकांना फायदा झाला तर जास्तच झाला. थ्रॉम्बेक्टॉमीचंही तसंच, २०१५ च्या सुमाराला ज्या ट्रायल्सनी ही ट्रीटमेंट रुळवली त्यांचे पेशंट एकत्र करून बाई-पुरुष वेगळे मोजले, तर उपचाराचा फायदा दोघांना सारखाच.

मग बायका मागे का दिसतात? कारण त्या शर्यतीत उतरतातच मागून. स्ट्रोक येतो तेव्हा त्यांचं वय सरासरी चार-पाच वर्षं जास्त असतं, तो जास्त जोराचा असतो, आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमुळे आलेला असण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त. हृदयात तयार झालेली गुठळी बऱ्याचदा मोठी असते, ती मेंदूची मोठी वाहिनीच बंद करते. आईंच्या ईसीजीत काही निघालं का? आणि स्ट्रोकच्या आधी त्या कशा होत्या, काठी वगैरे लागायची? पेशंट स्वतःचं किती करू शकतो याचे आम्ही ९० दिवसांनी रँकिन स्केलवर मार्क देतो, ० म्हणजे कसलाच त्रास नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. स्ट्रोकच्या आधीच जो माणूस २ वर होता तो ० वर कसा येणार? मामा १५ वर्षांनी लहान आहेत हो, ही तुलनाच चुकीची.

सुरुवातीला "सुचत नाहीये, गळून गेल्यासारखं वाटतंय" म्हणाल्या ना, ते पण बायकांमध्ये जास्त दिसतं, हातपाय लुळे पडण्याआधी किंवा त्याच्या जोडीला असं काहीतरी मोघम. वेळ त्यातच जातो.

खिडकीपाशी:

वरच्या प्रतिसादाला +१ पण थोडं असहमत. वय, स्ट्रोकचा जोर वगैरे सगळं वजा केल्यावर फरक बराच कमी होतो, मान्य, पण जगण्याच्या दर्जाचं मोजमाप केलं की बायका तरीही थोड्या मागे राहतातच, आणि याचं उत्तर तारेत की इंजेक्शनात नाही, घरात आहे असं माझं मत. माझे वडील आजारी पडले तेव्हा आई दिवसातून चार वेळा त्यांचा हात हलवून घ्यायची, चुकायची नाही. पुढे आईला स्ट्रोक आला तेव्हा वडील नव्हते आणि आम्ही दोघं भाऊ ऑफिसात! फिजिओ आठवड्यातून तीनदा यायचा, बाकी वेळ ती नुसती पडून. तुमच्याकडे कोण करून घेतं?

दुसरं, मूड तपासून घ्या. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, बायकांमध्ये जास्त. व्यायाम सोडला, गप्प असते याला आम्ही सहा महिने हट्टीपणा समजत होतो. गोळ्या सुरू झाल्यावर पाच-सहा आठवड्यांत स्वतः उठून बसायला लागली.

अर्धविराम:

दोघांचे खूप आभार. फाईल काढून बघितली, एट्रियल फिब्रिलेशन लिहिलंय, रक्त पातळ करायची गोळी पण चालू आहे, आम्हाला कोणी समजावलंच नव्हतं ती कशासाठी. आणि हो, गुडघ्यांमुळे दोन वर्षं काठी होतीच, स्वतःचं सगळं करायची पण बाहेर एकटी जात नव्हती. मामा तर ट्रेकला जायचा. हे आधी डोक्यातच आलं नाही. रात्री रडते ती, मला वाटायचं हात दुखतो म्हणून. परवाची अपॉइंटमेंट घेतलीय, मूडबद्दल मीच विचारणार.

एक शंका, पोट जरा बिघडलं की ती गोळी एक-दोन दिवस बंद ठेवतो आम्ही. चालतं ना?

रात्रपाळी:

नाही नाही नाही! डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवायचा नाही. या ठोक्यांमुळे स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो आणि ती गोळी त्यातला जवळपास दोन तृतीयांश कमी करते, पण पोटात असेल तरच. पूर्वी ही गोळी कोणाला द्यायची ते ठरवताना बाई असण्याचा एक मार्क वेगळा धरायचे, २०२४ च्या युरोपियन गाईडलाईनने तो काढून टाकला. तुमच्या आईंना तशीही लागणारच होती, एकदा स्ट्रोक येऊन गेलाय. पोटाचं परवा विचारा, तोपर्यंत गोळी चालू. शौचाला काळं झालं किंवा रक्त दिसलं तर मात्र परवाची वाट बघू नका, लगेच गाठा.

अर्धविराम:

आत्ताच दिली. आणि वरचा इंजेक्शनवाला भाग आईला वाचून दाखवला. म्हणाली, "त्या बाईला पाठव हे."