वाडा पाडण्याआधी भाडेकरूंच्या खोल्यांची मोजणी कशी करून घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात कसबा पेठेतल्या एका वाड्यातल्या सात बिऱ्हाडांसाठी विचारते आहे. मी वकील नाही. जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंचे अर्ज लिहून देणं, कोर्टात सोबत जाणं हे काम नऊ वर्षं करते आहे.

वाड्याला महापालिकेची 'धोकादायक' अशी नोटीस आली आहे आणि ती खोटी नाही. मागच्या बाजूची तुळई खचून दोन टेकूंवर उभी आहे. पावसाआधी बाहेर पडायलाच हवं, हे मी सगळ्यांना बजावलं आहे. प्रश्न परत येण्याचा आहे. दहापैकी तीन बिऱ्हाडांनी रोख रक्कम घेऊन खोल्या सोडल्या. घरात आजारपण असेल तर माणूस काय करणार, त्यांना बोल लावणार नाही. उरलेल्यांना मालक म्हणतात, "आधी खोली रिकामी करा, कराराचं मागाहून बघू."

इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात सांगितलं आहे. तिथेही इमारत महापालिकेनेच पाडली होती. पण हक्क केवढ्या जागेचा? वाडा भुईसपाट झाला की दाखवायला भिंतसुद्धा उरत नाही, आणि पावतीवर असतं फक्त 'खोली नं. ४, भाडे रु. ३८'.

या चार नंबरमधल्या आजी १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचं घर गेल्यावर इथे आल्या. पहिल्या पावतीपासूनच्या सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात आहेत, जुन्यांची शाई जांभळी पडली आहे. अजून सकाळी पोळ्या लाटायला जातात, मंडईत चालत जातात. पेठेत दुसरी खोली त्यांच्या कमाईत मिळणं अशक्य आहे. म्हणजे शहराच्या पार टोकाला जायचं आणि कामही सोडायचं.

क्षेत्रीय कार्यालयात मोजणीचा अर्ज घेऊन गेले, तर "मालक-भाडेकरू वादात आम्ही पडत नाही" म्हणाले. आम्ही स्वतः टेप लावून मोजलं तर ते कोर्टात टिकेल का? पोटमाळा आणि सामाईक मोरी धरायची का? माझ्या वडिलांनी अशाच एका वाड्याची किल्ली नुसत्या शब्दावर दिली होती. ती खोली आम्हाला पुन्हा मिळाली नाही. म्हणून घाईने विचारते आहे.

प्रतिसाद

ताई, किल्ली देऊ नका आणि मोजणीसाठी कुणाची वाटही बघू नका. आर्किटेक्टकडून पूर्ण वाड्याचा नकाशा करून घ्या, त्यावर प्रत्येक बिऱ्हाडाची सही घ्या. शेजारच्या वाड्यातले दोन पंच असू द्या. पोटमाळा आणि मोरी नकाशात वेगळी दाखवा, धरायची की नाही ते पुढे ठरेल, पण नोंद आत्ताच हवी. महापालिकेच्या करआकारणीच्या उताऱ्यात भोगवटादारांची नावं असतात, तो काढा. अर्ज आवक शिक्क्यानिशी द्या. मुंबईतल्या धोकादायक इमारतींबाबत उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत पाडण्याआधी भाडेकरूंची यादी आणि ताब्यातलं क्षेत्र नोंदवायला सांगितलं आहे, त्याचा उल्लेख करा. शिवाय लघुवाद न्यायालयात दावा लावून कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेची पाहणी करून अहवाल द्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, मागता येतो. त्याच्या अहवालाला आपल्या टेपपेक्षा वजन असतं. आणि ज्यांची पावती वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, त्यांनी तेव्हा एकत्र राहत असल्याचं रेशनकार्ड जोडावं.

धागाकर्ती

मनापासून आभार. करआकारणीचा उतारा माझ्या डोक्यातच आला नव्हता, उद्याच काढते. कमिशनरसाठी वकिलांशी बोलले, अर्ज याच आठवड्यात टाकतोय. काल संध्याकाळी निदान आजींची खोली मोजून घेतली: नऊ बाय चौदा फूट. टेपचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं होतं, आणि पोटमाळ्याची शिडी लावून "मुलगा इथे दहावीचा अभ्यास करायचा, हेही लिही" म्हणाल्या. लिहिलं.

शनिवारी सकाळी बाकीच्या सहा खोल्या मोजायच्या आहेत. कसब्याच्या आसपासचा कुणी आर्किटेक्ट दोन तास देऊ शकेल का? चहा-नाश्ता आमच्याकडे. निरोपातून कळवा, पत्ता पाठवते.