वाडीच्या सभागृहात स्मार्ट टीव्ही लावायचाय, म्हाताऱ्या माणसांना नेटचा खरंच उपयोग होईल का?

गुहागरकर_डोंबिवली
मंडळी, आमच्या मुंबई मंडळाकडे थोडे पैसे जमलेत. दरवर्षीप्रमाणे सभागृहाला रंग काढायचा विषय निघाला तेव्हा काही जणांनी सुचवलं की त्यापेक्षा नेट असलेला मोठा टीव्ही लावूया. कारण वाडीत आता राहिलीयत कोण तर आमच्या आया, काकवा आणि दोन-चार आजोबा. फोन सगळ्यांकडे आहे पण आलेला कॉल उचलायचा यापलीकडे हात लावत नाहीत, काहीतरी दाबलं जाईल आणि पैसे जातील ही भीती. रिमोट मात्र दूरदर्शनच्या काळापासून हातात आहे. तर टीव्हीवरून यांना नेटची सवय लागेल का, की शेवटी सिरियलच चालणार? आणि नेट कुठलं घ्यायचं?

चिरेखाण
आधी नेट बघा, टीव्ही नंतर. भारतनेटची, म्हणजे गावोगावी नेट पोचवायच्या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते, तिथून आपली वाडी दोन डोंगर पलीकडे असते हे कागदावर दिसत नाही. सुधारित भारतनेटला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली त्यात मागणीप्रमाणे गावांपर्यंत जोडणी द्यायचं आहे, तेव्हा ग्रामसभेत लेखी मागणी टाकून ठेवाच. तोवर ५जी पोचत असेल तर एअरफायबर, म्हणजे वायर न ओढता ५जीवरून मिळणारं वायफाय. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जाऊ नका, फुल एचडी व्हिडिओ तासाला दोन जीबीच्या आसपास खातो, रोजचा डेटा एका कीर्तनात संपेल. व्हिडिओ ४८०पी वर, म्हणजे कमी स्पष्टतेवर ठेवला तर डेटा बराच कमी जातो.
अजून एक, जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय जेमतेम जातं, राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत ठेवा. मे अखेरीला गडगडायला लागलं की टीव्हीचा आणि राउटरचा प्लग काढायचा, लॅनची वायर पण, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सभागृहात जुना एलसीडी असेल आणि त्याला एचडीएमआयचं भोक असेल तर नवीन घेऊच नका, त्यात बसणारी, टीव्हीवर नेट चालवणारी स्टिक लावा. फक्त अनोळखी कंपनीचा ‘सगळे चॅनेल फुकट’ वाला बॉक्स नको, त्यात व्हायरस आधीपासून भरलेला निघू शकतो.

बचतगटवाली_ताई
दादा, उपयोग होतो पण नुसता टीव्ही टांगून नाही. आमच्याकडे गटाच्या बायका सुरुवातीला लांबूनच बघायच्या. मग मी रिमोटवरचं माइकचं बटण दाबून मराठीत ‘काजूच्या बोंडाचं सरबत’ म्हटलं आणि पडद्यावर रांगच लागली, तेव्हापासून रिमोटसाठी ओढाओढ. टाइप करायला लागत नाही ना, तिथेच निम्मी भीती जाते. कोणी आंब्याच्या फवारणीचं विचारतं, दापोलीच्या विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक असतं ते माहीतच नव्हतं कित्येकांना.
मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. ‘डायबेटीस मुळापासून बरा’ असला व्हिडिओ फोनवर एकटीने बघितला की खरा वाटतो, पण इथे दहा जणी बसलेल्या असतात, एक तरी म्हणतेच अगो आमच्या ह्यांनी हेच घेतलं होतं नि वाढली शुगर. आणि मग यूट्यूबचं तेच लाल चिन्ह, तोच माइक स्वतःच्या फोनवर ओळखीचा दिसतो, बोट आपोआप तिकडे जातं.
पण सातबारा, पेन्शन, बँक, ओटीपी यातलं काहीही सभागृहातल्या टीव्हीवर नको, ते ज्याचं त्याच्या फोनवर, शेजारी विश्वासाचं माणूस बसवून. टीव्हीवर कोणाचंही खाजगी अकाउंट ठेवू नका, वाडीच्या नावाने वेगळं काढा, कार्ड जोडू नका.

देवगडचो_झील
आमच्या हय मच्छीमारांच्या सोसायटीत असोच टीव्ही आसा. सकाळी इन्कॉइसच्या, म्हणजे समुद्राचो अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या सरकारी संस्थेच्या साइटवरचो लाटांचो नि वाऱ्याचो अंदाज लावतत. हैदराबादवाले सॅटेलाइटवरून पाण्याचा तापमान नि हिरवटपणा बघून मासो खय गावतलो ता पण सांगतत, फक्त ढग आसले की ता येणा नाय. फोनवर तो नकाशो तांडेलाक चष्मो लावन पण कळणा नाय, हय सगळ्यांका दिसता नि बसान चर्चा होता. पण रिमोट कोणाकडे रवतलो ता आधी ठरवा, नायतर क्रिकेटशिवाय काय एक दिसाचा नाय.

गुहागरकर_डोंबिवली
ताई, माइकचं लक्षात घेतलं. सभागृहात एलसीडी आहे, एचडीएमआयचं भोक पण आहे, म्हणजे स्टिकवर भागेल आणि उरलेले पैसे इन्व्हर्टरला जातील, पावसात लाईट कधी असते. रिमोट अंगणवाडीच्या सेविकाबाईंकडे ठेवायचं आईने परस्पर ठरवून टाकलंय. चिरेखाण, खाऱ्या वाऱ्याने ती भोकं गंजतात का हो? सभागृह अगदी खाडीला लागून आहे.

चिरेखाण
गंजतात. स्टिक काढघाल करू नका, एकदा लावली की राहू दे, आणि टीव्ही खाडीकडच्या खिडकीसमोर नको.